मारुतीला चालते, सोसायटीला का नाही?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "मागच्या भिंतीकडे रान माजलंय, रविवारी साफ करून घेऊ." रान म्हणजे काय, तर रुईची तीन झुडपं. कुणी लावली नाहीत, कुणी कधी पाणी घातलं नाही. बिल्डरच्या राड्यारोड्यातून आपली आपण उगवली आणि भर मे महिन्यातही हिरवी. पुढच्या दारातलं लॉन तेव्हा टँकरवर जगत होतं, हे आपलं जाता जाता सांगितलं.

मेसेजला पहिला अंगठा आला तो दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणाऱ्या काकांचा. रथसप्तमीला डोक्यावर, खांद्यांवर, गुडघ्यांवर, पावलांवर मिळून हिची सात पानं ठेवून अंघोळ करणारी घरंही आमच्याकडे आहेत. हिचं संस्कृत नाव अर्क, म्हणजे सूर्य. देवापुढे अर्क, भिंतीमागे रान!

चिकाची भीती मात्र खोटी नाही. सातवीत असताना पान तोडून तोच हात मी डोळ्याला लावला होता. पुढचे चार दिवस काय हाल झाले ते मलाच ठाऊक. त्यामुळे पोरं खेळतात तिथली रुई काढायला मी स्वतः येतो, चष्मा घालून. पण मागच्या भिंतीकडे मीटर बघायला येणाऱ्याशिवाय फिरकतं कोण?

मी फिरकतो. गेल्या पावसाळ्यात एका पानावर अळी दिसली. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. प्लेन टायगर फुलपाखराची. बाईसाहेबांनी आधी पानात गोल चर पाडला, शिरा तोडल्या, चीक वाहून जाऊ दिला आणि मग आतला तुकडा निवांत खायला घेतला. जी अक्कल मला सातवीत नव्हती! हिच्या अंगात रुईचं विष मुरतं, म्हणून पुढे फुलपाखरू झाल्यावर पक्षी वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर नुसता हिच्यासारखा वेश करून जीव वाचवते.

आता तिथे ड्युरांटाचं कुंपण लावायचं घाटतंय. छान कापलेलं, चौकोनी. त्यावर ही अळी उपाशी मरेल, कारण तिला रुई आणि रुईच्या भाऊबंदांशिवाय काही चालत नाही.

काकांना फोन केला. म्हटलं, एक झुडूप तरी ठेवू, शनिवारची पानं घरचीच होतील. म्हणाले, "नको रे, खालच्या पानांवर धूळ असते. देवळाबाहेरच्या मावशींची कशी स्वच्छ!"

मावशींना विचारलं, पानं कुठून आणता. म्हणाल्या, "रेल्वे लायनीच्या कडेनं. पहाटे तोडते, नळाखाली धुते."