इकोतील आकडा म्हणजे निदान नव्हे

"मुलाच्या फुप्फुसांचा रक्तदाब वाढला आहे का, हे टू-डी इकोतील (हृदयाच्या सोनोग्राफीतील) आकड्यावरून कळते, आकडा जास्त असेल तर आजार नक्की, आकडाच निघाला नाही तर काळजी नाही, आणि मांडीतून हृदयापर्यंत नळी घालून होणारी तपासणी अनावश्यक आहे," असा संदेश पालकांमध्ये सर्रास फिरत असतो. त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे गरजेचे आहे, कारण त्यावर विसंबून उपचार लांबतात किंवा चुकीचे सुरू होतात.

मुळात इको हा दाब मोजत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजून, त्याच्या वर्गाला चारने गुणून आणि उजव्या कर्णिकेतील (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील) दाबाचा अंदाज त्यात मिळवून तो आकडा काढला जातो. वर्ग करावा लागत असल्याने वेगातील लहानशी चूकही मोठी होते: खरा वेग सेकंदाला 3.5 मीटर असताना ध्वनिलहर तिरपी पडून 3 मीटर नोंदला गेला, तर कर्णिकेतील दाब मिळवण्याआधीच 49 ऐवजी 36 मिलिमीटर हाती येतात. शिवाय हा अंदाज हृदयाच्या आकुंचनावेळच्या दाबाचा असतो, तर आजाराची व्याख्या सरासरी दाबावर आधारलेली आहे. ही मर्यादा पूर्वी 25 मिलिमीटर होती, या आजारावरील 2018च्या जागतिक परिषदेपासून ती 20 च्या वर अशी धरली जाते.

आकडा नसला की काळजी नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. अनेक मुलांत झडपेची गळती मोजण्याइतकी नसतेच, आणि मग आकडा निघत नाही. न निघालेला आकडा म्हणजे दाब नॉर्मल असल्याची ग्वाही नव्हे. अशा वेळी दोन जवनिकांमधला (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधला) पडदा चपटा झाला आहे का, उजवी जवनिका फुगली आहे का, हे जाणकार डॉक्टर पाहतात.

आकडा जास्त म्हणजे आजार नक्की, हेही खरे नाही. फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद असेल तर दाब उजव्या जवनिकेत वाढतो, तिच्या पुढच्या रोहिणीत नाही. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे हा दाब उतरणीला लागलेला असतो, म्हणून व्याख्या साधारण तीन महिन्यांनंतरच लावतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दाब का वाढला, हे आकडा सांगत नाही. दोन जवनिकांमधील मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसांकडे जादा रक्त जात असेल, पण तेथील वाहिन्यांचा रोध कमी असेल, तर छिद्र बंद केल्यावर दाब उतरतो. रोध कायमचा वाढलेला असेल तर तेच छिद्र बंद करणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. इकोत दोघांचे आकडे सारखे दिसू शकतात, निर्णय मात्र परस्परविरुद्ध असतात. डाव्या बाजूची झडप किंवा फुप्फुसांतून येणाऱ्या नीला अरुंद असतील, तर वाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांनी फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका असतो.

म्हणूनच नळीची तपासणी अनावश्यक नाही. दाब आणि रोध प्रत्यक्ष तिथे समजतात. नायट्रिक ऑक्साइड हा वायू देऊन वाहिन्या सैलावतात का, हेही पाहता येते, आणि कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर ही वाहिन्या रुंदावणारी औषधे द्यायची की नाही, हे त्या उत्तरावर ठरते. ही चाचणी न करता ती औषधे सुरू करणे धोक्याचे आहे. पालकांची भीती निराधार नाही: दाब खूप वाढलेल्या मुलांत या तपासणीची जोखीम खरोखर जास्त असते, त्यामुळे ती अनुभवी केंद्रातच व्हावी आणि प्रकृती फार नाजूक असेल तर थांबावे.

नवजात बाळातील तीव्र प्रकारात मात्र उपचार बहुधा इकोवरच सुरू होतात आणि नळीची वाट पाहिली जात नाही. वेळेआधी जन्मलेल्या, दीर्घकाळ ऑक्सिजनवर असलेल्या बाळांची पहिली चाचपणी आणि उपचार सुरू झाल्यानंतरचा नियमित पाठपुरावा, ही कामेही इकोच करतो.