शाळा सोडण्याचे कारण

आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना आहे. नववीतून गेलेल्या मुलींच्या नावापुढे तिथे बहुतेक वेळा 'पालकांच्या विनंतीवरून' एवढेच लिहिलेले असते, आणि त्यांतल्या काही नोंदी माझ्याच हस्ताक्षरात आहेत, याची मला खंत वाटते.

गेल्या महिन्यात अशीच एक जुनी विद्यार्थिनी दाखला मागायला आली. वय 22, कडेवर मूल. आईवडील ऊसतोडीला निघाले की वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने सोळाव्या वर्षीच तिचे लग्न उरकले होते. रात्र रात्र झोप लागत नाही, छाती धडधडते, असे सांगताना ती जमिनीकडेच पाहत होती. घरच्यांनी देवऋषी केला, गंडा बांधला. मनाच्या डॉक्टरकडे न्यावे असे कोणाला सुचले नाही. "मॅडम, तुम्ही हजेरी घ्यायच्या तवा रोज माझं नाव कानावर पडायचं. आता मला माझ्या नावानं कुणीच हाक मारत नाही," ती म्हणाली.

मुलगेही शाळा सोडतात, ऊसतोडीसाठी घरच्यांनी आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोयता हातात घेतात. त्यांची घुसमट दारूतून आणि संतापातून बाहेर पडते आणि तिलाही कोणी आजार म्हणत नाही. तरी त्यांना पार असतो, टपरी असते, मित्र असतात. मुलीला घराबाहेर पडण्याचे सर्वांना मान्य असलेले कारण शाळा हेच असते, आणि ते गेले की तिच्या मैत्रिणीही जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली आढळली. आमच्या बीड जिल्ह्यात हेच प्रमाण 44 टक्क्यांच्या घरात होते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा मात्र चौदाव्या वर्षी, म्हणजे नेमका धोका सुरू होतो तिथेच थांबतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते, पण जिच्याकडे स्वतःचा फोन नाही तिने तो लावायचा कसा? म्हणून माझे ठाम मत आहे की त्या रकान्यात काही लिहिण्यापूर्वी शिक्षकाने घरी जाऊन खुद्द मुलीशी बोलावे, आणि नंतरही आशाताईंनी तिच्या हिमोग्लोबिनइतक्याच आस्थेने तिच्या झोपेची आणि मनाची चौकशी करावी.

तिला दाखला हवा होता तो 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्यासाठी. दाखल्यावरचे माहेरचे नाव तिने बोट फिरवून वाचले आणि परीक्षेला हेच नाव राहील ना, असे दोनदा विचारले.