ब्रॉयलर कोंबडी आणि ‘हार्मोनचे इंजेक्शन’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ब्रॉयलर कोंबडीविषयीचा एक संदेश गेली अनेक वर्षे थोड्याफार फरकाने मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: चाळीस दिवसांत दोन किलोची होणारी कोंबडी नैसर्गिक असूच शकत नाही, तिला रोज हार्मोनचे इंजेक्शन देतात, म्हणूनच तिचे पाय वाकडे होतात आणि धडधाकट दिसणारा पक्षी अचानक मरतो, तिच्या खाद्यात अँटिबायोटिक असते, ती खाल्ल्याने मुलींना लवकर पाळी येते, तेव्हा फक्त गावरान खा. सोबत बहुधा पिवळ्या पिलांच्या मानेत सुई टोचतानाचा व्हिडिओ असतो. यातली पाय वाकण्याची आणि अचानक मरण्याची निरीक्षणे खरी आहेत, अँटिबायोटिकचा आरोप गंभीर आहे, आणि या सगळ्यांना जोडणारा हार्मोनचा धागा तेवढा साफ खोटा आहे.

आधी व्हिडिओ. तो बहुतेक वेळा खराच असतो, पण उबवण केंद्रातला असतो आणि सुईतून जाते ती लस. पिलू अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या मानेच्या कातडीखाली मरेक किंवा राणीखेत रोगाची लस टोचतात. शेडवर आल्यानंतर पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीची, लस डोळ्यात थेंबाने दिली जाते. गंबोरो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस दुसऱ्या आठवड्यात आणि लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्याच लशीचा, बूस्टर त्यानंतर पिण्याच्या पाण्यातून जातो. पाण्यातल्या क्लोरीनने लशीतला जिवंत विषाणू मरू नये म्हणून त्या पाण्यात दुधाची भुकटी विरघळवतात. ते पांढरट पाणी पाहून अनोळखी माणसाला शंका यावी, हे समजण्यासारखे आहे.

रोजच्या इंजेक्शनचे गणित मात्र कुठेच बसत नाही. करारावर चालणाऱ्या पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये बहुधा नवरा-बायको आणि फार तर एखादा गडी काम करतो. एवढे पक्षी रोज पकडून टोचायचे तर दिवस पुरणार नाही. शिवाय पकडापकडीने पक्षी घाबरतात, खाणे सोडतात, कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. यावर ‘मग खाद्यातून देत असतील’ असे उत्तर येते. परंतु वाढीचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हे प्रथिन आहे आणि पोटात गेलेले प्रथिन पचून जाते; इन्सुलिन टोचून घ्यावे लागते तेही याच कारणाने. वाढीच्या वयातल्या ब्रॉयलरच्या रक्तात हे संप्रेरक मुळातच भरपूर असते आणि प्रयोगांत बाहेरून टोचूनही वाढीत फारसा फरक पडलेला नाही. या संशयाला एक जुना आधार आहे, तोही सांगायला हवा: 1940 आणि 1950 च्या दशकांत अमेरिकेत नर कोंबड्यांच्या मानेत डीईएस या कृत्रिम स्त्री-संप्रेरकाची गोळी बसवत असत. कोंबड्यांतला हा वापर तिथे 1959 मध्ये बंद करण्यात आला.

मग चाळीस दिवसांत दोन किलो कसे होतात? निवड-पैदाशीने, आणि त्या पैदाशीला साजेशा खाद्याने. 1948 आणि 1951 साली अमेरिकेत भरीव छातीच्या मांसल कोंबडीसाठी राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. दोन्ही वेळा कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर जिंकला. (या कॉर्निश जातीच्या घडणीत आपल्या झुंजीच्या असील कोंबड्याचे रक्त आहे, हे ‘परदेशी कोंबडी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.) त्यानंतर दर पिढीत वेगाने वाढणारेच पक्षी पुढच्या पैदाशीसाठी ठेवले गेले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 1957 चा वाण, 1978 चा वाण आणि 2005 चा व्यापारी ब्रॉयलर एकाच खाद्यावर एकत्र वाढवले होते. 56 व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम भरली. खाद्य तेच, निगा तीच. बदललेला होता तो पक्षी.

या वेगाची किंमत मात्र पक्षी मोजतो. पाय वाकण्याचे निरीक्षण खरे आहे आणि त्याची कारणे शेडमध्ये व खाद्याच्या पोत्यात शोधावी लागतात. स्नायू हाडांपेक्षा पुढे धावतात, आणि त्या हाडांना कॅल्शियम, फॉस्फरस व डी-3 जीवनसत्त्व योग्य प्रमाणात मिळाले नाही तर मुडदूस होतो. अशा पिलाची चोच बोटाने दाबली तर रबरासारखी लवते आणि मेलेल्या पिलाची नडगी मोडायला गेल्यास कटकन न मोडता वाकते; ही खूण शेडवर उभ्याउभ्या पाहता येते. मँगनीज किंवा कोलीन कमी पडल्यास घोट्यामागचा स्नायुबंध जागेवरून सरकतो आणि पाय बाजूला फाकतो. बी-2 कमी पडल्यास बोटे आत मुडपतात. पिलू टवटवीत असते, खायला धडपडते, पण घोट्यांवर बसून सरकते. ही लक्षणे ‘पाय गेले’ या एकाच नावाखाली जातात आणि मग शेतकरी सगळ्यांवर कॅल्शियमचीच बाटली ओततो, जे काही वेळा उलटे पडते.

कारण कॅल्शियम जास्त झाले तरी पिले मरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, तर ब्रॉयलर पिलांच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. पोते चुकून बदलले किंवा घरी मिसळताना शिंपल्यांचा चुरा जास्त पडला, की मूत्रपिंडे निकामी होऊन गाऊट, म्हणजे लघवीतले क्षार अवयवांवर साचण्याचा आजार, होतो आणि फाडलेल्या पिलाच्या हृदयावर व यकृतावर खडू फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. प्रवासात तहानलेली पिले आणि मूत्रपिंडावर हल्ला करणारे काही विषाणू यांमुळेही असाच थर दिसतो, त्यामुळे खाद्यावर ठपका ठेवण्याआधी पाण्याची भांडी पाहावीत. पावसाळ्यात बुरशी लागलेल्या मक्याचा प्रश्न वेगळाच आहे: अफ्लाटॉक्सिन हे त्या बुरशीचे विष यकृत बिघडवते आणि खाद्यात डी-3 घातलेले असूनही ते अंगी लागत नाही. या सगळ्यात हार्मोन कुठेच येत नाही. येतो तो मका, मिक्सर आणि मोजमाप.

अचानक मृत्यूचेही तसेच. भरल्या पोटी, चांगला वाढलेला नर पंख फडफडवतो आणि उताणा होऊन मिनिटाभरात मरतो. हा हृदयाचा मृत्यू असतो. दुसरा प्रकार जळोदराचा: त्यात हृदयाची उजवी बाजू थकते आणि पोटात पिवळसर पाणी साठते. हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून शेडचे पडदे रात्रभर घट्ट लावले, की तुसाच्या ओल्या गादीतला अमोनिया कोंडतो, हवा कमी पडते आणि जळोदर वाढतो. वाढीच्या सुरुवातीच्या काळात खाद्य थोडे आवरल्याने, रात्री काही तास अंधार ठेवल्याने आणि पडद्याची वरची फट उघडी ठेवल्याने दोन्ही प्रकारचे मृत्यू कमी होतात. वजन थोडे उशिरा येते, एवढेच. माझ्या मते ब्रॉयलरविषयी खरा नैतिक प्रश्न इथे आहे: उभे राहणे जड जावे इतका वेग पैदाशीने आणावा का? हार्मोनच्या अफवेमुळे तो कोणी विचारतच नाही.

पाळीच्या मुद्द्यावर फार लिहिण्यासारखे नाही. जे संप्रेरक दिलेच जात नाही, त्याला परिणामाचे कारण ठरवता येत नाही. मुलींच्या पाळीच्या वयाचा संबंध पोषण आणि शरीराच्या वजनाशी असल्याचे पूर्वीपासून माहीत आहे. गावरान कोंबडी खाणे हा चवीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. तिलाही मानमोडी होते, आणि बाजारात गावरान म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत पक्ष्यांत वनराज, गिरिराज यांसारखे सुधारित वाण असतात, जे शेडमध्ये पोत्यातल्या खाद्यावरच वाढवलेले असू शकतात.

अँटिबायोटिकचा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2014 मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे अँटिबायोटिक आपल्याकडे पशुखाद्यात वापरले जात होते. 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीविरुद्ध खाद्यात घालतात ते सॅलिनोमायसिनसारखे द्रव्य माणसांच्या उपचारात वापरले जात नाही, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पण आजाराचे निदान न करता पहिल्या आठवड्यापासून पाण्यात औषध सोडण्याची सवय अनेक शेडमध्ये आहे. कोंबडी विकणाऱ्याला काही विचारायचेच असेल, तर औषधाचा शेवटचा डोस आणि पक्षी उचलण्याचा दिवस यांत किती दिवसांचे अंतर होते आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचारावे.