खुलासा: तेल्या हा बुरशीचा रोग नाही

डाळिंब बागायतदारांमध्ये एक संदेश फिरतोय: 'फळावर तेल्याचे डाग दिसले की कार्बेन्डाझिम मारा, माल वाचतो.' हे चूक आहे. तेल्या झॅन्थोमोनास या जिवाणूमुळे होतो आणि कार्बेन्डाझिम फक्त बुरशीवर चालतं. फळाला भेगा पडल्या की ते फळ गेलंच, मग कितीही फवारा.

म्हणून आधी पानं बघा. पान उजेडासमोर धरा. पाणी भरल्यासारखा तेलकट ठिपका दिसला तर रोगट भाग लगेच छाटून बागेबाहेर जाळा. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा. नेमकं हेच बहुतेक जण टाळतात, आणि रोग आपल्याच हातांनी पुढच्या झाडावर जातो. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याच्या हंगामात, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून तो झपाट्याने पसरतो, तेव्हा बागेत रोज फेरी हवीच. रोगट बागेतली कलमं फुकट मिळाली तरी आणू नका.