पालथी बशी

दुसऱ्याच्या घरी पानावर बसल्यानंतर, वाढण्याआधी बशी पालथी करून तिचा तळ वाचावा अशी इच्छा ज्याला होत नाही, तो मनुष्य सुखी समजावा. मी त्या सुखाला गेला दीड महिना मुकलो आहे, आणि त्याला कारण एक आठ इंची बशी.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी एडिसनमध्ये, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे, एका घरातली चीजवस्तू विकायला काढली होती. अमेरिकेत याला इस्टेट सेल म्हणतात. म्हातारी माणसे गेली की त्यांच्या मागे उरलेल्या कपाटापासून चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लागते आणि तिऱ्हाईत लोक त्यांच्या स्वयंपाकघरात खुशाल खण उघडत फिरतात. मी झाडांना पाणी घालायची नळी आणायला गेलो आणि चार डॉलरना बशी घेऊन आलो. गर्द निळा काठ, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि मधोमध नदीकाठी रेललेली एक गोरीपान स्त्री. तिच्या मांडीशी मान वळवून एक हंस.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने बशी बघताच हात जोडले. "सरस्वती!"

"आई, वीणा कुठे आहे?"

"ठेवली असेल बाजूला. नदीवर आली आहे ना ती."

"आणि अंगावरचे वस्त्र फारच बेताचे आहे."

"त्या चित्रकाराला साडी काढता येत नसेल. आपण भाव बघावा." संध्याकाळपर्यंत बशी देव्हाऱ्याशेजारी गेली आणि बाईंच्या कपाळाला हळदकुंकू लागले.

ही बाई नक्की कोण आणि ही बशी नक्की कुठली, हे शोधायचे मी त्याच रात्री ठरवले. आई झोपल्यावर बशी उचलून पालथी केली. तळाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक निळा शिक्का होता आणि त्याच्या बाजूला सोनेरी कागदाचा नखाएवढा फाटका कपटा, ज्यावर इंग्रजीत तीनच अक्षरे शिल्लक होती: पॅन. आपल्याकडे पॅन म्हटले की आयकर आठवतो. परंतु पॅन हा बोकडाच्या पायांचा, बासरी वाजवणारा ग्रीक वनदेव आहे, एवढे सामान्यज्ञान माझ्यापाशी दुर्दैवाने होते. चित्राचे नावच तळाला चिकटवलेले आहे, अशा समजुतीने पुढचे चार दिवस मी भिंग घेऊन त्या झाडीत बोकडाचे पाय शोधत होतो. एका झुडपामागे मला ते दिसलेदेखील. बायकोने भिंग हातात घेऊन ती मुळे असल्याचे सांगितले, कपटा पाहिला आणि विचारले, "'पॅन'च्या आधी 'जॅ' फाटला नसेल कशावरून?"

पोळ्याचे कोडे जुन्या वस्तूंच्या एका दुकानातल्या आजीबाईंनी सोडवले. त्यांनी बशी माझ्या हातातून घेतली, अर्धी फिरवली आणि परत दिली. पोळे नाहीसे होऊन तिथे ढाल आली. ही व्हिएन्नाच्या राजेशाही कारखान्याची खूण. तो कारखाना १८६४ साली बंद पडला आणि त्यानंतर ज्याला त्याला ती ढाल आपलीच वाटू लागली. निम्मे जग ती उलटी वाचून तिला पोळे म्हणते, हे ऐकून मला जरा धीर आला. परंतु १८६४ हा आकडा कानावर पडल्यापासून मी मनातल्या मनात घराचे कर्ज फेडू लागलो होतो, ते काम आजीबाईंनी लगेच थांबवले. त्यांच्या भिंगाखाली त्या स्त्रीचा गाल म्हणजे वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखे बारीक ठिपकेच ठिपके होते. कुंचला फिरलेलाच नाही. छापील चित्र उतरवून भाजलेले आहे. "आणि हे लाल काय?" त्यांनी कपाळाकडे बोट दाखवले. "हे मात्र हाताने केलेले दिसते." मी कुंकवाविषयी काही बोललो नाही.

वय ठरवण्याची रीत मला या प्रकरणात सर्वांत आवडली, कारण ती कलेवर नसून जकातीवर चालते. १८९० च्या अमेरिकी कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून जपानी भांड्यांवर 'निप्पॉन' आले. तो शब्द इंग्रजी नव्हे, असा साक्षात्कार जकात खात्याला तीस वर्षांनी, १९२१ मध्ये झाला, आणि 'जपान' लिहिणे भाग पडले. महायुद्धानंतर देश परक्या अंमलाखाली असताना बऱ्याच मालाच्या तळाला 'ऑक्युपाइड जपान' असे आले, ते १९५२ मध्ये अंमल संपल्यावर गेले. बिचाऱ्या देशाचा सारा इतिहास बशीच्या बुडाशी! त्यात कागदी चिठ्ठीही चालत असल्याने पहिल्याच धुण्यात जपान वाहून जाई आणि मागे व्हिएन्ना उरे. बरे, चिठ्ठीवर नाव असलेच तर ते बहुधा शिकागोच्या लेफ्टनसारख्या आयातदाराचे. बनवणारा कारखाना सेटोचा की नागोयाचा, याचा पत्ता नाही. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावे ठळक असावीत आणि आचाऱ्याचे कुठेच नसावे, त्यातलाच हा प्रकार.

निघताना आजीबाईंनी सहज सांगितले, "ही लीडा. स्पार्टाची राणी. आणि हा झ्यूस, हंसाच्या रूपात." पुढची कथा त्यांनी भुवया उंचावून पूर्ण केली.

घटस्थापना होऊन पाच दिवस झाले होते. दसऱ्याला या बाईंपुढे नातीची वही ठेवायची, हे आईने पक्के केले होते. मी बायकोकडे पाहिले. "तुझी आई, तूच सांग," असे म्हणून ती भाजी आणायला गेली, जी घरात भरपूर होती.

"आई, ती सरस्वती नाही," मी म्हणालो. "ग्रीक राणी आहे. आणि तो हंसही हंस नाही. तो त्यांचा इंद्र."

आईने वात वळणे थांबवले. "रूप बदलून आला?"

"हो."

"नवऱ्याच्या माघारी?"

"तसेच काहीसे."

"मग अहल्या म्हण की सरळ! उगाच इतके दिवस भिंगे घेऊन फिरलास. रोज सकाळी नाव घेते मी तिचे." तिने वात तुपात बुडवली, बशी पदराने पुसली, राणीच्या कपाळाला नवे कुंकू लावले, आणि शेवंतीचे एक मोठे फूल अशा बेताने टेकवून ठेवले की हंस चोचीसकट झाकला गेला.