नऊचा स्टिकर आणि ‘जवळचा शेतकरी’

‘नॅचरल ग्रोसरी स्टोअरमधून भाजी घ्या, सगळा पैसा जवळच्या शेतकऱ्याला जातो. खात्री करायची तर ९ ने सुरू होणारा स्टिकर बघा. ऑर्गॅनिक म्हणजे लोकलच!’ अमेरिकेतल्या मराठी घरांमधून फिरणारा हा मजकूर वाचून भाचीने शेताची सभासद म्हणून दर आठवड्याला थेट शेतावरून येणारी भाजीची पेटी बंद केली. ‘दुकानातूनही पैसे त्यालाच मिळणार ना?’ नाही गं बाई, मिळत नाहीत.

आधी तो स्टिकर, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे. तो पीएलयू कोड गल्ल्यावर भाव लावण्यासाठी असतो. साध्या मालाला चार आकडे, ऑर्गॅनिक असेल तर त्यांच्याआधी ९. साधं पिवळं केळं ४०११, ऑर्गॅनिक केळं ९४०११. मिनेसोटात गुडघाभर बर्फ असतानाही ९४०११ ची केळी मिळतात. ती कुठल्या जवळच्या शेतातली? त्या कोडात शेत, राज्य, देश यांतलं काहीही नसतं. माल कुठला हे फळीवरच्या पाटीवर किंवा खोक्यावर बघायचं. ताज्या भाज्या-फळांचा मूळ देश दाखवणं मोठ्या दुकानांना बंधनकारक आहे, आणि अमेरिकेतल्या मालाला देशाऐवजी राज्याचं नाव चालतं. नुसतं ‘यूएसए’ लिहिलं असेल तर माल दोन हजार मैलांवरूनही आलेला असू शकतो.

ऑर्गॅनिकच्या नियमांत जमिनीला ३६ महिने बंदी असलेली रसायनं लागलेली नकोत, अशी अट आहे. अंतराबद्दल अवाक्षर नाही. उलट वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत ऑर्गॅनिक विक्री असलेल्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण मग सरकारी सीलही वापरता येत नाही. म्हणजे सील शोधत फिरणारा नेमका जवळच्या लहान शेतकऱ्यालाच ओलांडून जाणार. ‘नॅचरल’ शब्दाची तर एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, नियमात व्याख्याच केलेली नाही.

‘लोकल’ म्हणाल, तर २००८ च्या फार्म बिलातली (अमेरिकेच्या शेतीविषयक कायद्यातली) व्याख्या ४०० मैलांच्या आत किंवा त्याच राज्यात अशी आहे. ती सरकारी कर्जयोजनेसाठी केलेली, दुकानाच्या पाटीसाठी नव्हे. आणि कॅलिफोर्नियासारख्या लांबलचक राज्यात त्या हिशेबाने दुसऱ्या टोकाचा मालही लोकलच.

आता ‘सगळा पैसा’. अमेरिकी कृषी खात्याच्या हिशेबात, २०२३ मध्ये देशात पिकलेल्या अन्नावर खर्च झालेल्या एका डॉलरमागे शेतीच्या वाट्याला साधारण १६ सेंट आले. यात हॉटेलातलं खाणंही धरलंय, त्यामुळे कच्च्या भाजीत वाटा जास्त असतो, हे खरं. पण समजा पालेभाजीची जुडी ३ डॉलरला, दुकानाचं मार्जिन ४० टक्के, तर उरले १.८०. त्यातून वितरकाचे २५ टक्के गेले की १.३५. खोकं, बर्फ, मजुरी शेतकऱ्याने त्यातूनच भागवायची.

शिवाय दुकानाला माल हवा तो एकसारख्या २४ जुड्यांच्या खोक्यात, ठरल्या दिवशी, गार करून. काढणीनंतर पाल्यातली शेतातली ऊब लगेच काढली नाही, तर दुकानाच्या मागच्या दाराशी पोचेपर्यंत तो मान टाकतो आणि अख्खं खोकं परत येतं. म्हणून दुकानांना मोठ्या वितरकाचा एकच ट्रक सोयीचा वाटतो. पैसे कायद्याने एरवी १० दिवसांत यायला हवेत, पण लेखी कराराने ही मुदत वाढवता येते. पेटीच्या सभासदाचे पैसे मात्र हंगामाआधीच हातात पडतात. बियाणं त्यावर येतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. काही सहकारी आणि लहान नॅचरल दुकानं खरोखर शेतकऱ्याकडून थेट घेतात. भाव शेतकरी बाजारापेक्षा कमी, पण स्टॉलवर दिवस मोडत नाही, एका फेरीत दहा खोकी उतरतात. अशा दुकानात पाटीवर शेताचं आणि गावाचं नाव असतं, आणि हंगामाबरोबर पाटी बदलते. भाजी विभागाच्या मॅनेजरला विचार, ‘हे या आठवड्यात कोणी आणून टाकलं?’ उत्तरात वितरकाचं नाव आलं, तर तुझ्या ३ डॉलरचा हिशेब वर केलाच आहे.

आणि पेटीचं आजच बघ. बरीच शेतं सभासद वसंतातच घेऊन टाकतात, मध्येच सोडलेली जागा परत मिळेलच असं नाही.