रॉकेल, काळा धूर आणि एक फॉरवर्ड

महिनाभर सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'जुनी डिझेल गाडी असेल तर आजच विका.' खाली पाच मुद्दे, काही कारणं आणि काही सल्ले. आमच्या दोन्ही डिझेल गाड्यांचं ऑइल, फिल्टर, हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे) मी पार्किंगमध्येच बदलतो, त्यामुळे एकेका मुद्द्याचा समाचार घेतो.

'दहा वर्षं झाली की डिझेल गाडीला देशभर बंदी.' साफ खोटं. हा नियम दिल्ली आणि एनसीआरचा, म्हणजे दिल्लीभोवतालच्या पट्ट्याचा. हरित लवादाने २०१५ मध्ये आदेश दिला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला आणि २०२५ मध्ये त्याच कोर्टाने त्यात ढील दिली. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. पुढे आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून ते पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. खिशाला चाट बसते, पण गाडी रस्त्यावर राहते.

'काळा धूर म्हणजे इंजिन संपलं.' या एका वाक्यापायी लोक धडधाकट गाड्या भंगाराच्या भावात देतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एवढंच. म्हणून आधी हवेचा मार्ग तपासायचा : एअर फिल्टर, टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे) होज म्हणजे रबरी नळ्या, आणि ईजीआर वाल्व्ह, जो थोडा धूर परत इंजिनात सोडतो. आमची एक गाडी घाटात धापा टाकायची, मागे काळा पडदा. एका गॅरेजने 'पंप-नोझल काम (डिझेल दाबणारा पंप आणि ते फवारणारी नोझल), चाळीस हजार' असा आकडा सांगितला. घरी आणून बॉनेट उघडलं आणि इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या होजवर हात फिरवला. खालच्या अंगाला चीर होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण बोटं तेलकट झाली. होज बदलला, धूर गेला. घाबरायचं ते निळ्या धुराला, कारण तिथे ऑइल जळत असतं. पांढरा धूर सकाळी मिनिटभर आला तर हीटर प्लग बघा. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या सीलचा संशय घ्या.

'ऑइल काळं पडलं की लगेच बदला.' मग दर आठवड्याला बदलावं लागेल! काजळी पोटात धरून ठेवणं हे डिझेल इंजिनच्या ऑइलचं कामच आहे. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी आपोआप वाढली तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, आणि रंग दुधाच्या चहासारखा झाला तर पाणी. या दोन्ही वेळी गाडी चालवू नका.

'थंडीत टाकीत थोडं रॉकेल घाला.' हे कुठल्या काळातलं? पंप आणि नोझलला वंगण मिळतं ते डिझेलचंच, आणि रॉकेल त्या मानाने कोरडं. जुन्या डिझेल स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच, प्रचंड दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) घ्या : तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. असा पंप कोरडा घासला की खर्च पाच आकडी. शिवाय पुण्या-नाशिकच्या थंडीत डिझेल गोठत नाही. सकाळी स्टार्टिंगला त्रास झाला तर बॅटरी बघा, मग हीटर प्लगची वायर काढून मल्टिमीटर लावा. ओहमचा आकडा एकाच्या आसपास आला तर प्लग जिवंत, काहीच आलं नाही तर मेला.

'डिझेलला घरी हात लावू नका.' हे अर्धं खरं आहे. जुन्या इंडिकाच्या काळात मेकॅनिक चालू इंजिनवर नोझलच्या पाइपचा नट ढिला करून कोणता सिलेंडर मिसिंग मारतोय ते ओळखायचे. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. धार थेट कातडीत घुसते, वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि पुढे बोट कापायची वेळ येऊ शकते. ते काम मीही गॅरेजला देतो. डिझेल फिल्टर मात्र घरी बदलतो. नंतर हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप) कडक लागेपर्यंत दाबायचा, नाहीतर एअर धरलेली गाडी सेल्फ मारून मारून बॅटरी संपवते. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून साचलेलं पाणी काचेच्या बरणीत काढायचं. पाणी खाली बसतं, डिझेल वर तरंगतं. नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू बंद.